पिशवीत कोणाची वाईन?

पिशवीत कोणाची वाईन भरायची? प्रश्न एवढासा, पण त्यापायी सर्जेराव ढिकल्यांच्या घरात तीन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं!

झालं असं, की दिंडोरीकडच्या त्यांच्या वाइनरीला एका हॉटेलवाल्यानं पाच हजार खोक्यांची मागणी दिली. खोक्यात जाड चंदेरी पिशवी, पिशवीला छोटासा नळ. नळ दाबला की पेला भरला! आता सर्जेरावांकडे वाईन तीन तऱ्हेची, आणि घरातल्या तिघींचा एकेकीवर जीव. आई, म्हणजे आक्का, त्यांची लाकडी पिंपात मुरत पडलेली जुनी लाल. बायको शकुंतलाबाई, त्यांची फसफसणारी. आणि सून केतकी, तिची यंदाच्याच द्राक्षांची कोवळी पांढरी.

"माझी वाईन पुठ्ठ्यात? मी काय बिस्किटं विकते?" आक्का कडाडल्या.

"मग माझी तरी का?" शकुंतलाबाईंनी पदर खोचला.

"म्हणजे शेवटी सुनेच्याच गळ्यात!" केतकी फणकारली.

वाईन बनवणारे साहेब परदेशात शिकून आलेले. त्यांना विचारलं, तर नेमकं त्याच दिवशी त्यांच्या पोटात दुखायला लागलं! ते जे घरी गेले ते गेलेच.

बाटल्या धुण्याच्या शेडमध्ये रोजंदारीवर आठ बायका होत्या. त्यांतली गिरजा हे ऐकून हसली. "एवढंच ना! त्यात काय मोठं?"

सर्जेराव नेमके दारात उभे. हट्टी माणूस, त्यात चिडलेला. म्हणाले, "हसतेस? मग तूच निवड! उद्या दुपारी, तिघींच्या समोर. पण एकीचंही तोंड वाकडं झालं, तर ही शेड बंद. आठही जणी घरी!"

बाकीच्या सात जणींनी कपाळाला हात लावला. "गिरजे, अगं तू जन्मात थेंब चाखला नाहीस! निवडणार कशी?"

"चाखायचं काय त्यात? मला वाचता येतं, नाकासमोरचं दिसतं," गिरजा म्हणाली आणि पिशव्यांच्या गठ्ठ्यावर काय छापलंय ते बोट ठेवून वाचत बसली. सातवीपर्यंतची शाळा, पण वाया गेली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर तिघी बसल्या, तीन दिशांना तोंडं करून. गिरजा आधी आक्कांपुढे बसली.

"आक्का, तुमची वाईन पुढच्या साली कशी लागेल?"

"याहून चांगली! आणि दहा वर्षांनी तर विचारूच नको!"

"बघा बाई. या पिशवीवर लिहिलंय, भरल्यापासून आठ महिन्यांत संपवा. भरू का तुमची?"

"खुळी का काय!" आक्का ओरडल्या. "मुरायच्या आत लोणचं वाढायचं? माझी बाटलीतच राहील. आडवी निजेल, पण बाटलीत!"

"तुम्ही म्हणाल तसं," गिरजा म्हणाली. आक्का खूश. नाही म्हणायचा मान त्यांनाच मिळाला होता!

मग शकुंतलाबाईंकडे वळून गिरजानं अंगणातल्या उन्हाकडे बोट केलं. "बाईसाहेब, तुमची मी सकाळीच एका पिशवीत भरून ठेवलीय. बघता का?"

पिशवी पुरीसारखी टम्म फुगली होती. सर्जेराव वाकून बघायला गेले, बोट लावलं मात्र, आणि फट्ट! नळ उडाला, आणि सर्जेरावांचा पांढरा सदरा मिशांसकट न्हाऊन निघाला.

"बाईसाहेब, तुमचीला जाड बाटली आणि तारेनं बांधलेलं बूचच पाहिजे. पिशवीची काय टाप तिला कोंडायची!"

शकुंतलाबाई पोट धरून हसल्या. "मला तरी कोणी कोंडलंय का आजवर!"

राहिली केतकी. तिचे डोळे भरून आले. "कळलं. उरलं ते माझं. माझी टिकत नाही, म्हणून पिशवीत!"

सर्जेराव मिशा पुसत पुढे सरकले. "वाकडं झालं तोंड! शेड बंद!"

"थांबा मालक, माझं व्हायचंय," गिरजा म्हणाली. "वहिनी, दूध पिशवीत येतं, म्हणून दुधाला कोणी हलकं म्हणतं का? ताज्या वस्तूचं ताजेपण जपायचं असतं. बाटली उघडली की वारा शिरतो, दोन-चार दिवसांत चव जाते. ही पिशवी जेवढी रिकामी होते तेवढी मिटत जाते, वाऱ्याला आत जागाच नाही. महिन्याभरानंही शेवटचा पेला पहिल्यासारखा!"

"पण खोकं ते खोकंच ना?"

"कोण म्हणतं खोकं? वहिनी, लग्न झाल्यावर तुम्हाला किती घरी जेवायला बोलावलं होतं?"

"बावीस घरी," केतकी नाक ओढत म्हणाली.

"आणि आक्कांना?"

"त्यांना कशाला बोलावतील? त्यांना भेटायला लोक इथं येतात."

"तेच तर! थोरलीला भेटायला माणसानं यायचं, नव्या सुनेनं घरोघर जायचं. तुम्हाला पाच हजार बोलावणी आलीयत, तीही मेण्यात बसून जायची! पुठ्ठ्याचा असला म्हणून काय झालं?"

केतकीला हसू फुटलं. "मामंजी, मेण्यावर रंग मात्र मी निवडणार!"

तिघींची तोंडं सरळ! पण सर्जेराव कसले ऐकतात? "निवडलंस खरं, पण पिशवी काही धुवावी लागत नाही. मग तुम्हा आठ जणींचं इथं काम काय?"

गिरजानं क्षणभरही वेळ लावला नाही. "एक वाईन पिशवीत गेली मालक, दोन बाटलीतच राहिल्या. आता या दोघींच्या बाटल्या धुवायला दुसरं कोणी बघायचं असेल, तर तसं आक्कांना आणि बाईसाहेबांना तुम्हीच सांगा. मी आपली इथं उभी राहून ऐकते!"

सर्जेरावांनी एकदा आईकडे बघितलं, एकदा बायकोकडे. दोघी त्यांच्याकडेच बघत होत्या. आणि मग ते असे गडगडून हसले, की ओला सदरा अंगाला चिकटून थरथरायला लागला!

"हरलो, बाई, हरलो!" त्यांनी कारकुनाला हाक मारली, आणि आठही जणींच्या हातात त्याच दुपारी कायम केल्याचे कागद पडले. गिरजाच्या कागदावर वर 'मुकादम' असं लिहिलं होतं.