घरची बाई

माझ्या आठवणीवर माझाच भरवसा उरलेला नाही. पण विमा-निरीक्षक म्हणून मी घेवारेंच्या मसाला कारखान्यात गेलो होतो, हे नक्की. नवा नियम होता की दहा कामगार असले, तर सगळ्यांचा आरोग्य विमा मालकानं काढायचा. हजेरीपटावर नावं नऊ होती, मिरच्या मात्र दहा जणी निवडत होत्या.

"ही द्वारका कामगार नव्हे, घरचीच. बहीणच समजा माझी," मालक म्हणाले.

द्वारकाबाईंनी पदराला हात पुसले. "बरं, आजपासून दादा म्हणते. मग दादा, माझ्या पोटातल्या गाठीचं ऑपरेशन भावानंच करून द्यायचं. साहेब, तेवढं लिहून यांची सही घ्या."

गाठीचं तोवर कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळा खर्च अंगावर येण्यापेक्षा विमा बरा, म्हणून मालकांनी तिथंच दहा नावांचा हजेरीपट नव्यानं लिहिला.

ऑपरेशन विम्यातून झालं. तो पट मी कित्येक वर्षांनी मुद्दाम काढून पाहिला. द्वारकाबाईंचं नाव मला आठवत होतं तसं दहावं नव्हतं. सगळ्यांत जुनी कामगार म्हणून पहिलं होतं.