धुकं पिळणारी म्हाळू

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं, ते विचारू नका. तेव्हा मोजत कोणी बसलं नव्हतं. आमच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या या उघड्या कातळावर, तेव्हा धनगरांची बारा घरं होती आणि कातळात खोदलेलं पाण्याचं एकच टाकं होतं. पावसात भरायचं आणि शिमग्यापर्यंत तळ दाखवायचं. मग वाडीचा म्होरक्या जानूतात्या ढेबे टाक्यावर फळी टाकून बसायचा आणि माणशी दोन लोटे पाणी द्यायचा. कडक माणूस. स्वतःच्या बायकोलाही त्याने कधी तिसरा लोटा दिला नाही, असं म्हणतात.

त्या वाडीत म्हाळू झोरे राहायची. नवरा कड्यावरून पडून गेलेला. घरात पाय गेलेली म्हातारी सासू आणि एक म्हैस. म्हाळूला एक खोड होती. दिसेल त्या गोष्टीचं विचारायची, हे आलं कुठून? बायका वैतागायच्या. मीही वैतागलो असतो.

एका वर्षी शिमगा झाल्यावर म्हैस व्याली. रेडकू काकडत होतं, म्हणून म्हाळूने आपलं घोंगडं त्याला गुंडाळलं. घोंगड्याला असा वास सुटला की सासू म्हणाली, "ते घरात आणशील तर मी रांगत भाईर जाईन." म्हाळूने ते कड्याच्या अंगाला कुंपणावर टाकलं. आमच्यात घोंगडं रात्री बाहेर ठेवत नाहीत. अंगावर घ्यायला तेवढंच असतं, चोरीला गेलं तर काय पांघरणार? पण असलं वासाचं घोंगडं कोण नेणार?

सकाळी पाहते तर घोंगडं निथळत होतं. खाली कातळावर पाणी साचलेलं. आणि नेमका जानूतात्या तिथून चालला होता.

"घोंगडं धुतलंस?"

"न्हाई तात्या."

"मग हे पाणी काय आभाळातनं पडलं? पाऊस झाला का रात्री?"

"तेच मी इचारतीया. हे आलं कुठनं?"

तात्याला वाटलं, बाई वर तोंड करून बोलते. त्याने वाडी गोळा केली. पाणी चोरणाऱ्याला टाक्याचं पाणी बंद, हा नियम सगळ्यांना ठाऊक होता. पाणी बंद म्हणजे सडा सोडायचा. म्हाळू एकटी कुठेही गेली असती. पण सासूला पाठीवर घेऊन तो घाट उतरणं कोणाच्या बापाला जमलं नसतं. म्हाळूने तीन दिवस मागून घेतले.

पहिला दिवस ती नुसती कुंपणापाशी बसून राहिली. काही कळलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर कुळथाचं पिठलं रटरटत होतं. तिने झाकण उचललं. आतून थेंब लोंबत होते. उभा जन्म ती ते थेंब झटकत आली होती, तुमच्याकडच्या बायका झटकतात तसे. त्या दिवशी तिने एक चाटला. अळणी. पिठलं चाखलं तर खारट.

म्हणजे हे पिठल्याचं पाणी उडून वर बसलेलं नाही. ही वाफ आहे. गार झाकणाला लागली की तिचं पाणी होतं. तिने दारातून बाहेर पाहिलं. खाली कोकणातून धुकं चढत होतं, हंडीतून वाफ चढावी तसं.

हंडी तशीच उचलून ती तात्याकडे गेली. झाकणाचा थेंब त्याला चाटायला लावला.

"मीठ विसरलीस," तात्या म्हणाला.

"आता हंडीतलं चाखा."

तात्याने चाखलं. खारट. पण हरणारा गडी नव्हता. म्हणाला, "झाकण ते झाकण. घोंगडं ते घोंगडं. बघू."

त्याने स्वतःचं घोंगडं घेतलं, म्हणजे बाईला लबाडी करायला नको. आणि ते बाहेर न टाकता घरात आढ्याला टांगलं, चुलीवर, दार लावून. शहाणाच. तिसऱ्या दिवशी सकाळी घोंगडं ठणठणीत कोरडं. लोक म्हणाले, ठरली चोर.

म्हाळू म्हणाली, "तात्या, हंडी चुलीवर आन् झाकण फडताळात, तर थेंब धरंल का? धुकं काय तुमच्या घरात येतं व्हय?"

तात्याची बायको फिसकन हसली. तिच्या हसण्याने म्हाळू वाचली, असं म्हणतात. रागारागाने तात्याने तेच घोंगडं संध्याकाळी कड्याच्या कुंपणावर आपल्या हाताने बांधलं आणि स्वतः टाक्याच्या फळीवर निजला.

पहाटे धुकं असं आलं की हातातली काठी दिसेना. घोंगड्याच्या केसाकेसाला थेंब धरले होते. तात्याने ते पिळलं. एक लोटा भरला. दुसरा भरला. तिसरा भरला, तो त्याने बायकोच्या हातात दिला.

मग काय, बारा घरांची घोंगडी कड्यावर टांगली. म्हाळू काठीने कातळ वाजवायची आणि धुकं मेंढरासारखं वर चढायचं. भर चैत्रात टाकं काठोकाठ भरलं. असं म्हणतात. मी नव्हतो तिथे. सासू पुढे बारा वर्षं जगली, ते मात्र खरं.

म्हातारपणी म्हाळू एका सकाळी घोंगडं खांद्यावर टाकून धुक्यात गेली, ती आलीच नाही. शोधायला गेलेल्यांना करवंदीच्या जाळीवर नुसतं घोंगडं सापडलं, टपटपणारं.

आता सड्यावर नळ आलाय. येतो कधी, जातो कधी. पण आमच्या बायका अजून झाकणाचं पाणी बाहेर झटकत नाहीत, परत हंडीत सोडतात, म्हाळूचं म्हणून. शिमग्यानंतर एक घोंगडं कड्यावर टांगतात आणि त्याचं पाणी वाडीत जी कोणी अंथरुणाला खिळलेली असेल, तिला आधी देतात.

आणि कोणावर चोरीचा आळ आला, तर कोणी काही बोलायच्या आधी आळ घेणाऱ्याने स्वतःचं घोंगडं कुंपणावर टाकायचं आणि सकाळपर्यंत तोंड मिटून बसायचं. रात्रभर थंडीत कुडकुडल्यावर निम्मे जण सकाळी म्हणतात, जाऊ दे, माझीच चूक झाली असेल.