‘ना’ला बंदी

एक होतं जंगल. तिथे लोकशाही होती, म्हणून राजाही निवडून यायचा. दर वेळी सिंहच यायचा, ही त्याची पुण्याई.

जंगलात बुलबुल उदंड, आणि काळ्या तोंडाची वानरं बोटावर मोजण्याइतकी. त्यांची म्होरकी भानाक्का. वानरांचा सगळा संसार फणसांच्या राईत. महाराजांनी मिरवणुकीसाठी राईतूनच रस्ता आखला. राई गेली तर पोराबाळांना घेऊन जायचं कुठे?

ती दरबारात गेली. निवडणूक तोंडावर होती, त्यामुळे महाराज लगेच गहिवरले. वानर वाचलंच पाहिजे, असं म्हणून त्यांनी राजगायक मंजुळराव बुलबुलांना रानोरान गायला घोषणा दिली: ‘वानरांना धोका, सावध राहा.’

मंजुळरावांची पंचाईत झाली. दरबारी गाण्यात ‘ना’ उच्चारायला बंदी होती. महाराजांपुढे ‘ना’ म्हणणारे पूर्वी काही होते, ते पुढे कुणाला दिसले नाहीत. मंजुळराव पडले घरंदाज गवई. त्यांनी ‘ना’ काढून तिथे ‘चा’ बसवला. सुरात काडीचा फरक पडला नाही.

‘वानरांचा धोका, सावध राहा.’

ज्या सशांनी जन्मात वानर पाहिलं नव्हतं, ते सगळ्यात जास्त घाबरले. बुलबुलांनी तर मोर्चाच काढला, की आमची जमात आता नामशेष होणार. मग समिती बसली आणि तिने दोन्ही जमातींची तुलना केली. बुलबुल पुष्कळ, म्हणून त्यांची भीती पुष्कळ. वानरं मूठभर, म्हणून त्यांची भीतीही मूठभर. सबब, बुलबुल संकटग्रस्त ठरले. वानरांना लपायला जागा राहू नये म्हणून अख्खी राईच तोडायचं ठरलं. महाराज प्रचंड बहुमताने निवडून आले.

भानाक्का पुन्हा दरबारात आली, या वेळी भुईवरून चालत, कारण आता तिला कुणी आपल्या झाडावर पाय ठेवू देत नव्हतं. तिला रडू येत होतं, आणि रडू येतंय याचाच संताप येत होता.

“महाराज, एका अक्षराची चूक झालीये. तेवढी सुधारा. राईला अजून कुऱ्हाड लागलेली नाही.”

दरबारात ‘नाही’ ऐकून मंजुळरावांनी डोळे मिटले. महाराज मात्र चिडले नाहीत.

“चूक आहे खरी, आक्का,” ते म्हणाले. “पण आम्ही त्याच अक्षरावर निवडून आलोय.”

पुढच्या निवडणुकीपर्यंत जंगलात एकही वानर उरलं नाही. वानरांचा धोका मात्र तोवर दुप्पट झाला होता.