चार भडके आणि गेनूचा टाका

सांगा सांगा म्हणून डोकं खाल्लंत, म्हणून लिहितोय. चौथीत शाळा सोडलेल्या माणसाकडं शहाणपणाची गोष्ट मागता, तुमचीच कमाल.

“सर, अजून काय बघायचं राहिलंय त्यात?” निरंजन केंकरे तिसऱ्यांदा विचारत होता.

हुद्दार सर पलंगावर. नाकात ऑक्सिजनची नळी, मांडीवर निरंजनचा प्रबंध. सरांची सही झाली की सोमवारी त्याची नोकरी पक्की.

मी, गेनू, दाराशी स्टुलावर. सरांनीच बोलावलं होतं. उपग्रहात किरण मोजायचं यंत्र होतं, त्याच्या तारा जोडणारे कथलाचे टाके मी मारलेले. एक टाका सैल निघाला असं निरंजननं लिहून दिलं, खाली सरांनी सही केली, आणि संस्थेनं मला घरी बसवलं.

“नियम सांग,” सर म्हणाले. “गेनूला कळेल असा.”

“लांब कुठंतरी तारा मरतो. काही सेकंद गॅमा किरणांचा भडका उडतो. भडका जितका प्रखर, तितकी किरणांची ऊर्जा जास्त. प्रखरता उतरली की ऊर्जाही उतरते. छत्तीस भडके तपासले, छत्तीसही या रेघेवर.”

“यंत्रानं चाळीस पकडले होते.”

“चार वगळले, सर.”

“का?”

“उलटे होते. भडका मंद असतानाच ऊर्जा सगळ्यात जास्त. मग तो प्रखर होत गेला, तशी ऊर्जा घसरत गेली. टाका सैल असला की असे आकडे येतात.”

“चारही लागोपाठ आले?”

“नाही. अधूनमधून.”

“आणि मधले?”

“मधले... नियमात.”

“म्हणजे टाका सुटायचा आणि पुन्हा आपोआप बसायचा. का गेनू वर जाऊन मारून यायचा?”

मला हसू आलं. निरंजननं माझ्याकडं बघितलं, मग फरशीकडं.

“सर, ही रेघ मुळात तुमचीच आहे. हिच्यावरच तुमचं नाव झालं.”

“मी नऊ वगळले होते.”

“...नऊ?”

“तेव्हा यंत्र फुग्याला बांधून सोडायचो. मी वाऱ्यावर ढकललं.”



सरांनी पेन्सिल मागितली. निरंजनच्या आलेखावर, रेघेपासून लांब, त्यांनी चार ठिपके काढले. खाली सही केली. प्रबंध त्याच्या हातात दिला.

निरंजननं ठिपक्यांवर बोट ठेवलं. “आता ही रेघ खरी धरायची का खोटी, सर?”

सरांनी डोळे मिटून घेतले.

“छत्तीसांना विचारू नको.”

जाताना निरंजननं माझ्यापुढं हात जोडले. पोरगं रडत होतं, मी सोडून दिलं. आठव्या दिवशी सर गेले. माझी माफी मागायचे राहून गेले, ते हे गजानन हुद्दार सर.