घाटमाथ्याचा वडा

"मग चव गेली कुठं, महाराज?"

पिराजी गोसावी चुलीपुढे बसून बटाटे कुस्करत होते.

हणमंतशेठ चुळबुळत बसला. घाटमाथ्यावरच्या याच मठात, याच चुलीपुढे तो वडे तळायला शिकला. पुढे खाली शहरात गाडा टाकला, गाड्याचं दुकान झालं, आणि आता 'घाटमाथा वडा' ही पाटी नसलेला एसटी स्टँड शोधावा लागतो. पण जुनी गिऱ्हाइकं तोंडावर सांगत, पूर्वीची मजा नाही राहिली. ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं.

"राग मानू नका, पण मसाल्यात तुम्ही काहीतरी हातचं राखलंत."

"मग विचार की."

"काय काय घालता?"

"लसूण, आलं, मिरची, हळद, कोथिंबीर. मीठ."

"एवढंच?"

"एवढंच."

"हे तर मीही घालतो!"

"मग झालं तर."

शेठचं तोंड एवढंसं झालं. एवढा घाट चढून आलो ते हे ऐकायला? घाट गाडीने चढला होता आणि शेठ मागच्या सीटवर घोरत होता, ती गोष्ट वेगळी.

पहिला घाणा निघाला. गोसाव्यांनी एक वडा मोडला आणि अर्धा त्याच्यापुढे धरला.

मठाची रीतच होती ती. तळणाऱ्याने आणि शिकणाऱ्याने सकाळपासून तोंडात काही घालायचं नाही. पहिला वडा आधी दोघांनी अर्धा-अर्धा खायचा, मग बाकीचे वाटसरूंना द्यायचे. त्या अर्ध्या वड्यासाठी पोरवयात हणमंताचा जीव कढईपाशी कासावीस व्हायचा.

"खा की."

"वाटेत जेवण झालं, महाराज."

"बरं."

"शिवाय डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय."

"बरं... मग तुझ्याकडं पहिला वडा कोण खातं?"

"कुणी नाही. कारखान्यात मशीन आहे. मीठ, तिखट, सगळं तेच बघतं."

"मशीनला भूक लागते?"

शेठ हसायला गेला, पण हसू फुटेना. आपल्याला कडकडून भूक कधी लागली होती, ते तो आठवू लागला. आठवेना. सगळं मिळवलं आणि हे कधी हातून गेलं ते कळलंच नाही, या विचाराने त्याला भडभडून आलं.

त्याने गोसाव्यांच्या हातातला अर्धा वडा घेतला आणि तसाच ताटलीत ठेवला.

"भूकच लागत नाही हल्ली, महाराज."

गोसाव्यांनी तो उचलून स्वतःच खाल्ला. सावकाश खाल्ला. मग हात धुतले आणि बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं.

"उद्या ये," ते म्हणाले. "चालत ये."