गवंड्याची माडी आणि अक्काचं ऊन

एका गावात एक गवंडी राहायचा. राहायचा म्हणजे कुठे, तर दुसऱ्याच्या पडवीत! गावातली निम्मी घरं त्याच्या हातची. पाटलांची माडी त्यानं चढवलेली, वैद्यबुवांची माडीही त्यानंच. आणि त्याच्या स्वतःच्या डोक्यावर मात्र आपलं म्हणावं असं एक कौल नव्हतं.

त्याचं नाव शिदू. बायको, दोन मुली आणि म्हातारी आई यांना घेऊन तो कामाच्या शोधात या गावात आला, तेव्हा त्याला आसरा दिला एका कुंभारणीनं. तिला सगळं गाव चंद्राक्का म्हणायचं. धनी गेल्यापासून ती एकटीच होती. चाकही तीच फिरवायची, भट्टीही तीच लावायची. "पडवी रिकामीच पडलीय," ती म्हणाली, "तुमचं घर होईस्तोवर राहा की!"

होईस्तोवर, होईस्तोवर म्हणता तीन वर्षं झाली. घर पाहावं बांधून, असं लोक उगाच नाही म्हणत. पण अक्कानं एकदाही विचारलं नाही, की बाबा, तुझं घर होणार कधी? उलट मुलींना ताप आला की काढा तीच करायची, आणि शिदूची आई एकटी पडू नये म्हणून माती मळता मळता तिच्याशी गप्पाही मारायची.

पंचांनी शिदूला अक्काच्या अंगणालगतची, उगवतीकडची जागा दिली होती. दिवसभर लोकांची कामं करायची आणि उन्हं कलल्यावर आपल्या घराच्या भिंतीला लागायचं, असा त्याचा नेम. घरच्यांना त्यानं विचारलं, "बोला, कुणाला काय हवं?" बायको म्हणाली, "चुलीशेजारी खिडकी ठेवा, धुरानं डोळे गेले माझे." मुली म्हणाल्या, "झोपाळा!" त्यानं खिडकीही ठेवली आणि तुळईला झोपाळ्याच्या कड्याही बसवल्या. बाप असावा तर असा.

आई मात्र म्हणाली, "शिदू, जन्मभर तुझ्या बापामागं गावोगाव फिरले. दर रथसप्तमीला सूर्याला दूध उतू घातलं, ते लोकांच्या अंगणात. एकदा आपल्या अंगणात घालायचंय रे. दुसरं काही नको."

"येत्या रथसप्तमीला आई, आपल्याच अंगणात!" शिदू म्हणाला. शब्द दिला.

आता त्याला स्वतःला काय हवं होतं? माडी! गावात दोन माड्या, दोन्ही त्याच्या हातच्या. तिसरी आपली असावी, वर बसून गाव बघावं, असं त्याच्या मनानं घेतलेलं. हौसेला मोल नाही हो. त्यात वाईट काय?

निम्म्या घरावर कौलं चढली. ती अक्कानंच करून दिली होती. मागच्या निम्म्या भागावर माडी उठू लागली, आणि तिची भिंत अक्काच्या अंगणाच्या बाजूनं वर वर जाऊ लागली. मार्गशीर्ष सरला, पौष लागला. माडीवरची कौलं काही येईनात.

"अक्का, कौलं कुठवर आली?" शिदू विचारायचा.

"वाळताहेत रे," अक्का म्हणायची.

एके दिवशी तिनं भट्टी उघडली आणि बघते तर काय, निम्म्याहून जास्त कौलं तडकलेली. संक्रांत पंधरवड्यावर आलेली, तिच्यासाठी घडवलेल्या सुगडांचीही तीच गत. सुवासिनी वाणाला काय नेणार? अक्का मटकन खालीच बसली.

शिदूनं ते पाहिलं. त्याला आईला दिलेला शब्द आठवला आणि रागही आला. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! म्हणाला, "अक्का, तुमचा हात थकला आता. आमच्या घराचा खोळंबा नको. मी पलीकडच्या गावातनं कौलं आणतो."

तीन वर्षं जिच्या छपराखाली निजला, तिला असं बोलला बरं का! अक्कानं तडकलेलं कौल हातात फिरवलं आणि एवढंच म्हणाली, "आण बाबा. घर अडू नये कुणाचं."

दुसऱ्या दिवशी लोकांचं काम नव्हतं. कौलं आणायला गाडी दुपारी निघायची होती. तोवर भिंतीचे शेवटचे दोन थर उरकावेत म्हणून शिदू सकाळीच परांचीवर चढला. इतक्या महिन्यांत सकाळच्या वेळी तो तिथं पहिल्यांदाच चढत होता. वर उभं राहून त्यानं थापीवर चुना घेतला आणि सहज खाली पाहिलं.

खाली अक्काचं अंगण सावलीत बुडालं होतं. एका कडेला उन्हाचा पट्टा होता, उपरण्याएवढा अरुंद. अक्का ओल्या कौलांची फळी उचलायची, त्या पट्ट्यात नेऊन ठेवायची. ऊन वीतभर सरकलं की फळीही वीतभर सरकवायची. मग सुगडं. मग परत कौलं. दुसरं टोक धरायला कोण होतं, ठाऊक आहे? शिदूची आई! कंबर वाकलेली, पदर खोचलेला, थंडीनं हात कापताहेत, आणि म्हातारी फळी ओढतेय.

दुपारनंतर ऊन असतं की, असं तुम्ही म्हणाल. पण अक्काच्या घरामागं टेकडी होती. दिवस कलायच्या आतच ऊन टेकडीआड जायचं. तिचं काय ते ऊन सकाळचं, आणि तेच या भिंतीनं अडवलं होतं. न वाळलेली माती भट्टीत गेली तर तडकणारच! आणि हा निघाला होता गाडी जुंपून परगावी. काखेत कळसा अन् गावाला वळसा, दुसरं काय!

शिदूनं पुन्हा पाहिलं. भिंतीच्या त्या लांबलचक सावलीवर, अगदी टोकाला, त्याची स्वतःची सावली उभी होती, हातात थापी घेऊन. रोज ओळंबा लावून त्यानं भिंत सरळ असल्याची खात्री केली होती. ती सरळच होती. सावली कुणाच्या अंगणात पडतेय, हे मात्र त्यानं बघितलं नव्हतं.

तो खाली उतरला. आईजवळ गेला. "आई, तुला ठाऊक होतं?"

"होतं," आई म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"तिनं शपथ घातली होती ना! म्हणाली, गरीब माणूस हौसेनं घर बांधतोय, मध्येच मोडता घालू नका."

कालचे आपलेच शब्द शिदूच्या कानात वाजत होते. तो गुमान परत वर चढला. आपली माडी त्यानं एकदा डोळे भरून बघून घेतली. खिडकी काढलेली, कोनाडा काढलेला. बसून गाव बघायची जागासुद्धा ठरलेली. जीव तुटला हो त्याचा, खोटं कशाला सांगू? मग त्यानं पहार घेतली आणि वरचा थर उकलायला सुरुवात केली.

गावात बोभाटा झाला. "अरे, हा गवंडी आहे का कोण? बांधलेलं पाडतोय!" लोक बघायला जमले आणि हसायला लागले. अक्का मातीच्या हातांनीच धावत आली.

"अरे वेड्या, काय करतोस? तुझी हौस आहे ती!"

"हौस पाटलांच्या माडीवर बसून भागवीन अक्का," शिदू म्हणाला. "काल मी तुमच्या हाताला बोललो. चूक तुमच्या हाताची नव्हती, माझ्या भिंतीची होती. मला माफ करा."

"माफ काय करायचं त्यात! उतर खाली, पडशील."

"उतरतो. पण भिंत घेऊनच उतरतो."

हसणाऱ्यांचं हसू तिथंच राहिलं. मघाशी ज्यानं सगळ्यात मोठ्यानं टिंगल केली होती, तोच आधी शिडीला लागला आणि विटा खाली घेऊ लागला. तीन दिवसांत माडी उतरली आणि अक्काच्या अंगणात सकाळचं ऊन पूर्वीसारखं ऐसपैस येऊन बसलं. निघालेल्या विटांचा शिदूनं त्याच अंगणात एक लांब ओटा बांधून दिला. दहिवरानं ओल्या झालेल्या जमिनीवर आता फळ्या ठेवायला नकोत. एका टोकाला दोन म्हाताऱ्यांना ऊन खात बसायलाही जागा झाली.

त्या संक्रांतीला घरोघरी अक्काची सुगडं पोचली, एकही तडकलेलं नव्हतं. पाठोपाठ कौलं भाजून निघाली, तांबडीलाल आणि खणखणीत. ती चढवायला शिदूला कुणाला बोलवावं लागलं नाही. ज्यांची घरं त्यानं बांधली होती ते सगळे आपणहून आले. हातोहात कौलं वर गेली आणि रथसप्तमीच्या आदल्या संध्याकाळी शेवटचं कौल बसलं.

पहाटे आईनं अंगण सारवलं. स्वतःचं अंगण! मुलींनी रांगोळीत सूर्याचा रथ काढला, जरा वाकडाच निघाला. अक्का एक नवं कोरं बोळकं घेऊन आली. आईनं ते गोवऱ्यांवर ठेवलं, त्यात दूध ओतलं आणि उगवतीकडे तोंड करून हात जोडले. ऊन वर आलं, दूध वर आलं आणि भसकन उतू गेलं.

"गेलं गं बाई, आपल्या अंगणात गेलं!" म्हातारी म्हणाली, आणि रडायलाच लागली. "देवा, भरून पावले."

सगळ्यांनी सूर्याला नमस्कार केला. शिदू मात्र पाठ फिरवून अक्काच्या पायांशी वाकला.

"अरे खुळ्या, सूर्य तिकडं आहे!" अक्का मागं सरत म्हणाली.

"ठाऊक आहे अक्का," शिदू म्हणाला. "ऊन तिकडून आलं. पण छप्पर तुमच्याकडून आलं."

अक्कानं डोळ्यांना पदर लावला आणि उतू गेलेल्या दुधातलं उरलेलं सगळ्यांच्या हातावर थोडंथोडं घातलं. तोवर ऊन शिदूच्या बसक्या घरावरून पलीकडे उतरलं होतं आणि अक्काच्या ओट्यावरची मडकी वाळू लागली होती.

पुढं कुणी शिदूला चिडवलं, "काय रे, तुझी माडी कुठंय?" की तो त्या ओट्याकडे बोट दाखवायचा. आणि तिथं त्याची आई आणि अक्का ऊन खात बसलेल्या असायच्या.

तात्पर्य काय, तर ज्यांच्या आधारानं आपलं घर उभं राहिलं, त्यांच्या अंगणातलं ऊन अडवू नये. घर थोडं बुटकं राहिलं तरी चालेल, उपकाराची आठवण बुटकी राहू नये.