देवदारच्या पेटीतले चिरूट

नदीवर अजून एकही पूल नव्हता, इतक्या जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

नदीकाठच्या एका गावात चिरूट वळणारा एक कारागीर राहत असे. तंबाखूची चांगली पाने राजवाड्यात जात. याच्या वाट्याला उरलीसुरली, जाडीभरडी येत. रोज सांजेला तो घाटावर जाई. त्याचा जिवलग मित्र नावाडी शेवटची फेरी आटपून येई. दोघांत एकच चिरूट आणि पहिला झुरका नावाड्याचा, असा त्यांचा रिवाज होता.

एकदा नावाड्याला जोराचा ठसका लागला. तो हसला, पण चिरूटवाल्याच्या ते जिव्हारी लागले. आपल्या माणसाला आपण असला कचरा देतो!

राजवाड्यात चिरूट देवदारच्या पेटीत मुरवतात, असे त्याने ऐकले होते. त्याने तशी पेटी मिळवली, बारा चिरूट रचले, आत ओल राहावी म्हणून कोपऱ्यात पाण्याने भिजवलेली पणती ठेवली. "मुरले की नेईन. तोवर कोणत्या तोंडानं जाऊ?" नावाड्याचे निरोप येत. "थोडं थांब," एवढेच उत्तर जाई. वेडा कुठला! पणती भिजवण्यात तीन वर्षे गेली.

मग त्याने एक ओढून पाहिला. घशाला लागणारी धार बोथट झाली होती. पण जाडेभरडे पान काही राजवाड्याचे झाले नव्हते. तरी उरलेले घेऊन तो घाटावर धावला.

नावाडी पायरीवर बसला होता. नाव दुसराच कोणी वल्हवत होता. नावाड्याची दृष्टी गेली होती.

चिरूटवाल्याच्या तोंडून शब्द फुटेना. त्याने चिरूट पेटवून मित्राच्या हाती दिला.

"मऊ आहे हो," नावाडी परक्याशी बोलावे तसा म्हणाला. "कुठल्या गावचे आपण?"

चिरूटवाल्याने कनवटीचा रोजचा, ताजा चिरूट पेटवून पुढे केला. एकच झुरका, आणि नावाड्याला सणसणीत ठसका लागला.

"अरे, तू!" त्याने चाचपडत मित्राचा हात धरला. "आलास एकदाचा!"

"तुला काहीतरी चांगलं द्यावं म्हणून..."

"मला तुझ्याबरोबर मावळतीचं आभाळ बघायचं होतं, बाबा. आता तू सांग, मी ऐकतो."

तेव्हापासून रोज सांजेला चिरूटवाला आभाळाचे रंग सांगू लागला. पहिला झुरका मात्र अजूनही नावाड्याचाच असे.

तात्पर्य: हलक्या पानाला पेटीतली वर्षे थोडेसेच सुधारतात, ती वर्षे आपल्या माणसाजवळ घालवावीत.